महिन्यातून एकदा

डेल्मरला चारही चाकं फिरणारा ट्रक हवा आहे.
मला दोन पुरतात.
एकतीस हिवाळे मी शाळेची बस चालवली
चॅड्रनच्या उत्तरेला, जिथे डांबर संपतं
आणि पत्रपेट्यांवरची आडनावं विरळ होत जातात.
बसला जोर फक्त मागच्या चाकांत,
बाकीचा माझ्या उजव्या पायाच्या संयमात.
बेचाळीस मुलं. एकदाही चरात गेले नाही.
(एकदा. पण तेव्हा बस रिकामी होती.)

शोरूममधला पोरगा, ब्रेडन,
माझ्याच बसमधून यायचा,
गोठलेल्या काचेला जीभ लावून बसायचा.
आता टाय लावून मला टॉर्क समजावतो.
कॅम्परच्या पुढच्या दांड्याला जीभ म्हणतात, तो सांगतो,
हिचवर तिचं वजन साडेसातशे पौंड.
"जीभ एवढी जड असते?"
डेल्मर माझ्याकडे बघून विचारतो.
मी हसत नाही. पावतीच्या पाठीवर आकडे मांडते:
चार हजार डॉलर जास्त.
स्वतःचंच अंग जड, म्हणून ओझं कमी उचलणार.
गॅलनमागे दीड मैल गेला.
आणि वापर? वर्षातून दोनदा, फार तर तीनदा,
ओल्या गवतावर, तळ्याकाठच्या उतारावर,
आणि त्या एका दिवशी, जो येईलच असं नाही.

"असून अडचण," मी म्हणते.
"नसून खोळंबा," डेल्मर म्हणतो.

मग तो जून महिना काढतो. काढणारच होता.
बॅडलँड्सच्या वाटेवर वीस मिनिटांचा पाऊस.
तिथली माती भिजली की माती राहत नाही,
चाकावर चढून दुसरं चाक होते.
जुना ट्रक जागच्या जागी गुरगुरत राहिला,
मागचा कॅम्पर हळूच बाजूला सरकला
लग्नात कंटाळलेल्या पाहुण्यासारखा.
रस्ता सुकेपर्यंत सहा तास आम्ही पत्ते खेळलो.
मी सगळे डाव हरले, हेही तो ब्रेडनला सांगतो.
"चार चाकं असती," मी म्हणते,
"तर आणखी दोन मैल आत जाऊन रुतलो असतो."
ब्रेडनला हसू फुटतं, कमिशन विसरून.

खरं तर माझं ठरलं होतं.
दोन चाकं, चांगले टायर,
मागच्या सीटखाली साखळ्या.
साखळ्या, हे मी मोठ्याने म्हटलं
आणि डेल्मरने काही न बोलता
टेबलाखाली उजवा गुडघा चोळला,
मला दिसणार नाही अशा बेताने.

बसच्या साखळ्या मी घालायचे. ट्रकच्या तो.
बर्फात गुडघा टेकून, दातांत हातमोजा धरून.
मला मागणी घालतानासुद्धा
तो इतका वेळ गुडघ्यावर नव्हता.
गेल्या फेब्रुवारीत उठताना
त्याने मडगार्ड धरला, मग आरसा,
मग थोडा वेळ नुसताच उभा राहिला.
मी आत होते. हीटरची जाळी
माझ्याकडे वळवून घेत होते.

मी सही केली. कारण सांगितलं नाही.
"तुझंच खरं," एवढं म्हणाले,
जे आमच्या घरात मी
दर जनगणनेला एकदा म्हणते.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. रस्ते कोरडे ठणठणीत.
बटण होतं तिथेच.
मी टोमणा मारला नाही. पेट्रोलच्या पावत्या
डब्यात ठेवते फक्त, वरची वाचता येईल अशी.

मॅन्युअलमध्ये लिहिलंय, महिन्यातून एकदा तरी
चारही चाकं फिरवा, तेल हलतं राहिलं पाहिजे.
म्हणून पहिल्या रविवारी, चर्चनंतर,
आम्ही मागच्या खडीच्या गल्लीत जातो.
तो बटण फिरवतो. सीटखाली कुठेतरी
खट्ट करून काहीतरी जागेवर बसतं.
धान्याच्या कोठारापर्यंत जातो आणि वळतो,
ताशी दहा मैल, खिडक्या उघड्या.
श्टाइनकींचं कुत्रं कुंपणाच्या आतून
सोबत धावतं, कोपऱ्यापर्यंत.
मग परत दोन.